विदाईचा सीन

“बडी माँ, ये लाइन आपने मराठी में बोल दी,” शिखा कानाशी येऊन हळूच म्हणाली.

शरयूताईंना वाटलं, पोरगी चेष्टा करते आहे. सीन तो काय! सकाळची न्याहारी, सून रुसून बसलेली, आणि बडी माँने कप तिच्यापुढे सरकवून म्हणायचं, ‘चाय ठंडी हो रही है बहू, ग़ुस्सा बाद में कर लेना.’ असली वाक्यं त्या झोपेतसुद्धा म्हणतील. त्यांनी ते म्हटलंही होतं, ठरवल्याप्रमाणे मध्ये जरासं थांबून. फक्त दिग्दर्शकाचा ‘कट’ नेहमीपेक्षा उशिरा आला, आणि सुनेचं काम करणारी मुलगी आपलं वाक्य सोडून नुसती बघत बसली.

“मराठीत? काहीतरीच काय बोलतेस,” त्या म्हणाल्या.

“जी?” शिखा म्हणाली.

शिखा दिग्दर्शकाची सहायक. भिंडची मुलगी, मराठीतलं तिला ओ की ठो कळत नसे. तिच्या त्या ‘जी?’वरून शरयूताईंच्या लक्षात आलं की आत्ताचं बोलणंही मराठीतच झालं होतं. त्यांनी रेकॉर्डिंग ऐकायला मागितलं. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने मुकाट्याने हेडफोन दिले. स्वतःचाच आवाज, स्पष्ट, ठसठशीत, कुठेही न अडखळता म्हणत होता, ‘चहा गार होते आहे सूनबाई, राग नंतर कर.’ ग्वाल्हेरच्या घराघरात चहा जशी बाईमाणूस असते, तशी ती या वाक्यातही होती. शरयूताईंनी ते पुन्हा एकदा लावायला सांगून ऐकलं.

“घर का असर है, बडी माँ,” दिग्दर्शक उत्कर्ष हसत म्हणाला. “भाभीजी के हाथ की पूरनपोली बोल रही है. चलिए, एक और.”

दुसऱ्या वेळी वाक्य बरोबर आलं. युनिट पुढच्या सीनला लागलं आणि अर्ध्या तासात ही गोष्ट विसरूनही गेलं. शरयूताई मेकअपच्या खोलीत येऊन बसल्या आणि खुर्चीचे हात त्यांनी घट्ट धरून ठेवले. वाक्य विसरणं त्यांना ठाऊक होतं. भले भले नट विसरतात, जीभ अडते, हसू होतं, पुन्हा घेतात. पण विसरणाऱ्याला आपण विसरलो हे कळतं तरी. इथे त्यांच्या डोक्यात हिंदी वाजत होतं आणि तोंडातून मराठी बाहेर पडत होतं, आणि मधल्या वाटेवर काय झालं याचा त्यांना पत्ताच नव्हता.

आणि हिंदी ही काही त्यांच्यासाठी नुसती भाषा नव्हती. लग्नाआधीच्या शरयू पोतनीस इथेच, ग्वाल्हेरच्या दौलतगंजात वाढल्या. गणेशोत्सवात मराठी मंडळाच्या नाटकांत काम करून करून नाव झालं, आणि तेवढ्या पुंजीवर त्या मुंबईला गेल्या. तिथल्या मराठी रंगभूमीवाल्यांनी त्यांना ऐकलं आणि तोंडाला पदर लावून हसले. ‘मी तुम्हाला भेटून घेईन’, ‘काम होऊन जाईल’ असलं मराठी बोलणारी नायिका त्यांना कुठून चालणार? “बाई, तुमचं मराठी हिंदीच आहे की,” असं एका नाटककाराने तोंडावर सांगितलं होतं. हिंदीवाल्यांना मात्र त्यांचं हिंदी आवडलं. महाराष्ट्रातल्या बाईच्या हिंदीत जो एक खडा लागतो, तो इथे नव्हता. त्या हिंदीच्या जोरावर त्यांनी दूरदर्शनच्या काळापासून मावश्या केल्या, नर्सबाया केल्या, विधवा वहिन्या केल्या, मग आया, मग सासवा, आणि शेवटी बडी माँ. ही मालिका अकरावं वर्ष गाठत होती. मागच्या वर्षी निर्मात्यांनी सगळा बाडबिस्तरा मुंबईहून हलवून ग्वाल्हेरला आणला, शहराबाहेरचा एक जुना बंगला भाड्याने घेतला, आणि शरयूताई इतक्या वर्षांनी हॉटेलात न राहता दर्पण कॉलनीत धाकट्या भावाच्या घरी उतरल्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. भावाकडे राहून त्या थोड्या भरल्यासुद्धा होत्या.

‘घरात राहून जीभ सैल झाली असेल,’ त्यांनी स्वतःला समजावलं. समजूत पटली नाही.

संध्याकाळी घरी आल्या तेव्हा मुकुंदराव फोनवर कुणाला तरी जरीकाठाचं महत्त्व पटवून देत होते. एजी ऑफिसातून, म्हणजे महालेखापालांच्या कचेरीतून, निवृत्त झाल्यापासून त्यांना एकच काम होतं, ते म्हणजे बहिणीचा भाऊ असणं, आणि ते काम ते मन लावून करत. रविवारी मालिकेत नातीच्या लग्नाची विदाई होती. उत्कर्षला वऱ्हाडी मंडळी हवी होती, चांगल्या घरची दिसणारी. मुकुंदरावांनी अख्खं मराठी मंडळ कबूल करून टाकलं होतं.

“ताई, सगळ्यांना बोलून ठेवलंय मी,” फोन ठेवून ते म्हणाले. “बायका नऊवारी नेसून येणार. उत्कर्षला विचारून घेतलं, तो म्हणाला, ग्वालियर की शादी है, मराठी मेहमान तो होंगेच. मंडळातले सदाशिवराव तर पगडी शोधत फिरतायत. सगळ्यांना तुझं काम समोर बसून बघायचंय. लहानपणी गणपतीत बघितलं होतं, त्याच्यानंतर आत्ता.”

“मुकुंदा,” शरयूताईंनी विचारलं, “आईचं हिंदी कधी गेलं रे?”

मुकुंदरावांचा उत्साह एकदम उतरला. “ते आता कशाला? पुरानी गोष्ट आहे. तू दमून आलीयस, जेवून घे.” आणि ते पगडीचं बघायला म्हणून गच्चीवर निघून गेले.

उत्तर मंजिरीने दिलं. मंजिरी म्हणजे मुकुंदरावांची बायको, कमी बोलणारी आणि सगळं बघणारी. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, “आधी दूधवाल्याशी झालं, वन्सं. त्याला म्हणाल्या, उद्या थोडं जास्त दे. तो हसायला लागला. आम्ही पण हसलो. मग कामवाल्या बाईशी, मग शेजारच्या लीलाताईंच्या हिंदी सुनेशी. शेवटी शेवटी दुसऱ्यांचं हिंदी समजायचं, पण बोलायच्या मराठीतच. आणि त्यांना वाटायचं, आपण हिंदीच बोलतोय. रात्रीची बाई ठेवली होती ना, ती मुरैनाची, मराठी न कळणारी. आई पाणी मागायच्या आणि ती पांघरूण घालायची.”

 त्या काळात शरयूताई रोज आईला मुंबईहून फोन करत. आई त्यांच्याशी मराठीतच बोलत असे, जन्मभर बोलली तशीच, म्हणून त्यांना कधी काही कळलंच नव्हतं.

“आज सेटवर झालं,” त्या म्हणाल्या. मंजिरीने हातातली जुडी खाली ठेवली. तिने ‘काही नाही हो’ म्हटलं नाही, की ‘देवाची इच्छा’ म्हटलं नाही. त्याबद्दल शरयूताईंना तिचे पाय धरावेसे वाटले.

“डॉक्टरांची वेळ घेऊन टाकते,” मंजिरी म्हणाली. “तोपर्यंत ह्यांना सांगू नका. ह्यांच्या पोटात राहायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी शूटिंग नव्हतं. मंजिरी त्यांना टोपी बाजारात घेऊन गेली, निमित्त सदाशिवरावांच्या पगडीचं. खरं निमित्त दोघींना ठाऊक होतं. शरयूताईंना चार अनोळखी माणसांशी हिंदीत बोलून बघायचं होतं. काळा चष्मा लावून, पदर डोक्यावरून घेऊन त्या गल्लीत शिरल्या आणि तिसऱ्याच दुकानापाशी ओळखल्या गेल्या.

“अरे, बडी माँ!” दुकानदार गादीवरून उठून उभा राहिला. त्याने पगड्यांचा ढीग मांडला, चहा मागवला, बायकोला वरच्या माडीवरून हाक मारली. शरयूताई रंग विचारत होत्या, घेर विचारत होत्या, आणि प्रत्येक वाक्यानंतर त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. त्याच्या कपाळाला आठी पडली की त्यांचं धाबं दणाणे. तो ‘जी, जी’ म्हणाला की जीव भांड्यात पडे. मंजिरी बाजूला उभी राहून मान हलवत होती, सगळं ठीक चाललंय अशा अर्थाने. म्हातारपणी ही कसली तोंडी परीक्षा द्यायची पाळी आली, असं त्यांच्या मनात आलं.

दुकानदाराची बायको खाली आली ती फोन घेऊनच. “बडी माँ, मेरी बहू मायके जाकर बैठी है. दो शब्द समझा दीजिए. आपकी बात टालेगी नहीं.” फोनमध्ये एक रडवेली मुलगी दिसत होती. शरयूताईंना असल्या विनंत्यांची सवय होती. लोक त्यांच्या पाया पडत, त्यांना संसारातली गाऱ्हाणी सांगत, एकदा तर एका बाईने इस्पितळात बोलावून नवऱ्याच्या डोक्यावर हात ठेवायला लावला होता. सुरुवातीला त्यांना संकोच वाटायचा. पुढे त्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की केली. प्रसिद्धी आपली नाही, ती बडी माँची. लोक नमस्कार तिला घालतात, आपण फक्त तिच्या पायांची राखण करायची. आपलं म्हणून जे काही आहे ते काम. सकाळी संवादांची पानं हातात येतात, ती वाचायची, पाठ करायची, प्रॉम्प्टिंग न घेता एका दमात म्हणायची आणि घरी जायचं. शरयू म्हणून हाक मारणारं तर जगात आता कुणी उरलंच नव्हतं. युनिटमध्ये बडी माँ, भावाकडे ताई, मंजिरीला वन्सं. त्याचंही त्यांना कधी वाईट वाटलं नाही. काम होतं ना हातात.

फोनमधल्या मुलीला त्या काहीबाही बोलल्या. घर दोघांचं असतं, ग़ुस्सा घरात बसून करावा, असलंच काहीतरी, बडी माँ बोलेल तसं. मुलीने डोळे पुसले आणि “जी, बडी माँ” म्हणाली. तिला समजलं होतं. शरयूताईंना इतका आनंद झाला की त्यांनी दुकानदाराच्या नको नको म्हणण्याला न जुमानता दोन पगड्या विकत घेतल्या.

“चांगलं बोललात,” परतताना मंजिरी म्हणाली.

“हिंदीतच ना?”

“हिंदीतच.”

विदाईचं भाषण मोठं होतं. उत्कर्षने मान राखून त्याची पानं आदल्या दिवशीच घरी पाठवली. शरयूताईंनी ती मंजिरीसमोर बसून म्हटली. पुन्हा म्हटली. मंजिरी डोळ्यांत तेल घालून ऐकत होती आणि दर वेळी तेच सांगत होती, हिंदीतच आहे. पण पाठ होणं आणि कॅमेऱ्यासमोर रडू दाबून बोलणं यात फरक असतो, हे शरयूताईंइतकं कुणाला ठाऊक? हसऱ्या, किरकोळ वाक्यांची त्यांना भीती नव्हती. गळा भरून आला की जीभ कुठे पळेल याचीच भीती होती.

रविवारी बंगल्याच्या दिवाणखान्यात मंडळ येऊन बसलं तेव्हा तिथे खरंच लग्नघर झालं. बायकांच्या नथी, पुरुषांच्या पगड्या, आणि ओळीत पहिल्या जागी मुकुंदराव, अंगात बंद गळ्याचा कोट. दारापाशी कारंज्यासारखं गुलाबपाणी उडत होतं, कारण मुकुंदरावांनी घरून गुलाबदाणी आणली होती आणि उत्कर्षला ती फार आवडली होती. शरयूताई मेकअपच्या खोलीतून हे सगळं ऐकत होत्या. 

शिखा आत आली, दार लोटून घेतलं. तिच्या तळहातावर एक छोटासा, बोराएवढा यंत्राचा तुकडा होता.

“बडी माँ, बुरा मत मानिएगा. यह कान में लगा लीजिए. मैं पीछे से एक-एक लाइन बोलूँगी, आप बस दोहराती जाइए. किसीको पता नहीं चलेगा. सर को भी नहीं बताया.”

म्हणजे हिच्या लक्षात होतं. शरयूताईंना लाज वाटली, मग राग आला, आणि मग आपल्याला कुणी तरी सांभाळतंय याचं हायसं वाटलं. जन्मात त्यांनी प्रॉम्प्टिंग घेतलं नव्हतं. नव्या पोरापोरींना त्या याच गोष्टीवरून टोमणे मारत, कानात बोलणारा ठेवायचा तर मग नट कशाला, पोपट आणा. आज त्यांनी मुकाट्याने कान पुढे केला. हिंदी वाक्य कानातून येईल, ते तसंच तोंडातून जाईल. चुकायला मध्ये जागाच नाही, असं त्यांना वाटलं.

सीन सुरू झाला. नवरीचं काम करणारी मुलगी पाया पडली, बडी माँने तिला उठवलं, तिचा चेहरा दोन्ही हातांत घेतला. कानात शिखाचा आवाज आला, ‘इस घर में तू रोती हुई आई थी, बेटी.’ शरयूताई बोलल्या. ‘आज हम रो रहे हैं, तू हँसकर जा.’ त्या बोलल्या. गळा भरून आला, पण आवाज कापरा झाला नाही. पुढचं वाक्य आलं, त्याच्या पुढचं आलं. किती दिवसांनी असं अंगात भिनून काम होत होतं. आईने त्यांना मुंबईच्या गाडीत बसवलं होतं तो दिवस आठवला, आणि तो आठवताच आलेला हुंदका त्यांनी आवरून धरला, कारण रडायचं ते बघणाऱ्यांनी, नटाने नाही. अजून जमतंय आपल्याला, असं त्यांना वाटलं.

मग त्यांची नजर नवरीच्या खांद्यावरून पलीकडे गेली. वऱ्हाडातल्या बायका रडत होत्या. पदर डोळ्यांना लावून, नाक ओढत, खऱ्याखुऱ्या. सदाशिवरावांनी पगडी काढून मांडीवर घेतली होती. गर्दीला आणलेली माणसं कधी रडत नाहीत, ती कॅमेऱ्यात आपण कसे दिसतो याच्याच काळजीत असतात. आणि इकडे नवरीचं काम करणारी मुलगी, जिने आत्ता रडायला हवं होतं, ती कोरड्या डोळ्यांनी त्यांच्या ओठांकडे बघत होती, काहीतरी समजायची धडपड करावी तशी. सगळ्या बायकांत एकटी मंजिरी रडत नव्हती. तिने हात तोंडावर घट्ट दाबून धरला होता.

कानातला आवाज थांबला होता. केव्हापासून, कुणास ठाऊक.

शरयूताईंना कळलं. शिखा हिंदी देत होती आणि आपण मराठी करून बोलत होतो, पहिल्या वाक्यापासून.  इथे थांबता आलं असतं. ‘सॉरी, एक और’ म्हटलं असतं तर उत्कर्ष हसून ‘कोई बात नहीं’ म्हणाला असता. पण समोर मंडळ बसलेलं होतं, भाषण शेवटावर आलं होतं, आणि सीन अर्धा टाकून त्या आजवर कधी उठल्या नव्हत्या. शेवटची तीन वाक्यं त्यांना पाठ होती. ती त्यांनी ठरवून, जाणूनबुजून मराठीत म्हटली.

“माहेर कुठं जात नाही, बाळ. आपणच निघून जातो. उंबरा ओलांडताना मागं वळून बघू नकोस, नाहीतर मला इथं उभं राहणं होणार नाही.”

कुणी ‘कट’ म्हटल्याचं त्यांना ऐकू आलं नाही. टाळ्या वाजत होत्या. मुकुंदराव सगळ्यांच्या आधी धावत आले. त्यांचा चेहरा रडून लाल झाला होता.

“ताई, तू आमच्यासाठी मराठीत बोललीस,” ते म्हणाले. “सगळं मंडळ बसलंय म्हणून. मला एक शब्द सांगितला नाहीस, सरप्राइज ठेवलंस.” मग वळून सगळ्यांना, “बघितलं ना? हिंदीच्या सीरियलमध्ये, इतक्या लोकांसमोर.”

मंडळींनी त्यांना वेढा घातला. कुणी ओटी भरायची म्हणून नारळ शोधू लागलं. एक म्हातारी हात धरून म्हणाली, “माझी आई सासरी पाठवताना असंच बोलली होती गं, अगदी असंच.” सदाशिवरावांनी गणेशोत्सवात त्यांचा जाहीर सत्कार करायचं तिथल्या तिथे ठरवून टाकलं. शरयूताई सगळ्यांकडे बघून हसत होत्या. मंजिरी जवळ येऊन उभी राहिली.

“हो,” शरयूताई भावाला म्हणाल्या. “तुमच्यासाठीच.”

मंडळी पांगल्यावर उत्कर्ष मेकअपच्या खोलीत आला. शिखाने त्याला सगळं सांगितलं असावं, कारण तो खुर्चीवर न बसता जमिनीवरच बसला. मुंबईत असताना तो त्यांच्याच मालिकांत सहायक होता, पुढे दिग्दर्शक झाला. 

“सीन बहुत अच्छा है, बडी माँ. काटूँगा नहीं. आवाज़ किसी और से करवा लेंगे, लिप्स मैं पीठ के, दूर के शॉट लेकर सँभाल लूँगा. आगे भी ऐसे ही चल सकता है. आप बस आ जाया कीजिए. चेहरा तो आपका ही रहेगा.”

सोय चांगली होती. रोज सकाळी गाडी येईल, मेकअप होईल, लोक पाया पडतील, बडी माँ चालू राहील आणि बोलेल दुसरंच कुणी. शरयूताईंनी त्यावर खरंच विचार केला. घरी बसायची त्यांना भयंकर भीती वाटत होती. सकाळी पानं येणार नाहीत, तर मग उठायचं कशाला?

“मैं हिंदी में बोल रही हूँ ना?” त्यांनी विचारलं.

“जी.”

“तो सुनो. चेहरा मैंने नहीं बनाया बेटा, वह तो उम्र ने बनाया है. मैंने जो काम किया है, वह आवाज़ का है. वह किसी और का हो, और मैं बैठी मुँह हिलाऊँ? बडी माँ को मार दो.”

“चैनल नहीं मानेगा. वो लोग कोमा का बोलेंगे.”

“कोमा नको,” त्या घाईघाईने म्हणाल्या. त्याचा चेहरा बघून त्यांनी पुन्हा सांगितलं, “कोमा नहीं. कोमा में घरवाले रोज़ आकर पूछते हैं, कब उठेगी. किसीको इतना इंतज़ार नहीं करवाते.”

उत्कर्षने मान खाली घातली. मग पुढे होऊन त्यांच्या पायांना हात लावला, आणि त्या वेळी तो हात बडी माँच्या पायांना नव्हता, एवढं शरयूताईंना समजलं. त्यांना रडू आलं. त्या मनमोकळ्या रडल्या.

बडी माँ पुढच्या आठवड्यात झोपेतच गेली. त्या सीनला वाक्य नव्हतं. पांढऱ्या चादरीखाली पापणी न हलवता पडून राहायचं होतं, आणि मुलगा, सुना, नातवंडं अंगावर पडून रडत असताना श्वास दिसू द्यायचा नव्हता. एकाच टेकमध्ये झालं. नंतर युनिटने मोठा केक आणला, भाषणं झाली, शिखा सगळ्यांत जास्त रडली. मंजिरी बाहेर गाडीत थांबली होती, त्यांना संध्याकाळी डॉक्टरांकडे जायचं होतं.

निघताना शरयूताई दिवाणखान्यातून गेल्या. कलाविभागाचा दौलतसिंह शिडीवर उभा राहून भिंतीवर फोटो टांगत होता. बडी माँचा फोटो, मोठ्या चौकटीतला, उद्यापासूनच्या सीनसाठी. त्यांना बघून तो कसनुसा झाला. चंदनाचा हार त्याने पटकन पाठीमागे लपवला. माणूस बंगल्यात असताना त्याच्या फोटोला हार घालायचा नाही, अशी युनिटची रीत होती.

“आप निकल जाइए, बडी माँ, फिर डाल दूँगा,” तो म्हणाला.

“घाल, घाल. चेहरा झाकला जातोय का, ते बघू दे.”

दौलतसिंहने चाचरत हार घातला. शरयूताई मागे सरकल्या. हार ठीक होता. पण फोटो त्याने जिन्याजवळच्या भिंतीवर लावला होता, आणि तिथे प्रकाश कधीच येत नाही, हे त्या भिंतीपाशी वर्षभर उभं राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्यांनी मधल्या भिंतीकडे बोट दाखवलं, जिथे घरातली सगळी भांडणं आणि सगळे सण व्हायचे.

त्याने शिडी उचलून तिथे नेली. दुसरा खिळा ठोकला, फोटो अडकवला.

“थोडं डावीकडे,” शरयूताई म्हणाल्या. “अजून. आता वर घे जरा.”

दौलतसिंहचा जन्म ग्वाल्हेरच्या लष्कर भागातच गेला होता, मराठी घरांतून कामं करत. त्याने काही न विचारता फोटो डावीकडे सरकवला, मग वर घेतला. शरयूताई कॅमेऱ्यांच्या जागी जाऊन एकेका ठिकाणी उभ्या राहिल्या. कुठूनही काच चमकत नव्हती, चेहरा सगळीकडून दिसत होता. मग त्यांनी दारातल्या चपला पायात घातल्या.